डेटा सर्व्हिस अचानक बंद पडली, मग भावकॉपीवरून स्वतःचा डेटाबेस बनवला – काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

शेअर्सचे जुने भाव देणारी एक पेड सर्व्हिस मी वापरायचो, एक दिवस लॉगिनच होईना, ना मेल ना नोटीस, आणि सगळा इतिहास त्यांच्या सर्व्हरवर. असं आधीही झालंय म्हणा, 2017 च्या मे महिन्यात याहू फायनान्सने जुन्या डेटाची फुकट डाउनलोड लिंक बंद केली तेव्हा जगभर लोकांच्या स्क्रिप्ट्स एकदम झोपल्या होत्या. म्हणून यावेळी दुसरा व्हेंडर शोधलाच नाही, थेट एनएसईच्या (नॅशनल स्टॉक एक्सचेंज) भावकॉपीवरून एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये सगळं परत उभं केलं.

भावकॉपी म्हणजे त्या दिवशी ट्रेड झालेल्या सगळ्या शेअर्सचे ओपन, हाय, लो, क्लोज, व्हॉल्यूम एका सीएसव्हीत, फुकट, आणि जुन्या तारखांच्याही मिळतात. डाउनलोड हे सोपं काम आहे, फक्त स्क्रिप्टने ब्राउझरसारखे हेडर पाठवायचे आणि घाई करायची नाही, नाहीतर साइट दारातूनच परत पाठवते. शनिवार-रविवार मात्र वगळू नका! 12 नोव्हेंबर 2023 ला रविवारी मुहूर्ताचं ट्रेडिंग होतं, 20 जानेवारी 2024 चा शनिवार पूर्ण दिवस चालू होता, आणि 1 फेब्रुवारी 2025 ला बजेटसाठी शनिवारी बाजार उघडा होता. 8 जुलै 2024 पासून फॉरमॅटही बदलला, नवीन यूडिफ फाइलमध्ये कॉलमची नावं पार वेगळी आहेत, त्यामुळे जुन्यासाठी एक आणि नव्यासाठी एक असे दोन पार्सर (फाइल वाचणारे कोड) लागतात. सीरिजच्या कॉलममध्ये फक्त ईक्यू (नेहमीचं ट्रेडिंग) घेतलं तर जो शेअर मधे काही काळ बीई (फक्त डिलिव्हरीचं ट्रेडिंग) मध्ये गेला त्याच्या चार्टला भगदाड पडतं, दोन्ही घ्या.

खरी मेहनत आहे अ‍ॅडजस्टमेंटची, म्हणजे स्प्लिट-बोनसनंतर जुने भाव नव्यांशी जुळवण्याची. भावकॉपीत त्या दिवशीचा कच्चा भाव असतो, त्यामुळे ऑक्टोबर 2021 मध्ये आयआरसीटीसीचा शेअर 10 रुपये फेस व्हॅल्यूवरून 2 वर आला (स्प्लिट, एका शेअरचे पाच) तो दिवस चार्टवर कोसळल्यासारखा दिसतो, आणि रिलायन्सचा ऑक्टोबर 2024 चा एकास एक बोनस म्हणजे भाव एका रात्रीत अर्धा. मी कच्चे भाव तसेच ठेवलेत, त्यांना हात लावायचाच नाही, स्प्लिट-बोनसचं वेगळं टेबल केलंय आणि गुणाकार वाचताना होतो. डीमर्जर, म्हणजे कंपनीचा एक भाग वेगळी कंपनी होणं, त्याहून किचकट, जुलै 2023 ला जिओ फायनान्शियल वेगळी झाली तेव्हा सकाळच्या खास सेशनमध्ये रिलायन्स 2841.85 वरून 2580 ला आला, मधले 261.85 जिओचे, असे आकडे हाताने भरावे लागले.

ओळख कशावर ठेवायची हाही प्रश्न आहेच. स्प्लिटमध्ये सिम्बॉल तोच राहतो पण आयएसआयएन (शेअरचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) बदलतो, आणि झोमॅटो 2025 मध्ये इटर्नल झाली तेव्हा सिम्बॉल बदलला, आयएसआयएन तोच. म्हणून दोन्हीपैकी कशावरही विसंबून न राहता प्रत्येक कंपनीला स्वतःचा नंबर दिलाय.

आणि आता जे मिळालं ते आधीच्या सर्व्हिसमध्ये नव्हतंच. बंद पडलेल्या, विलीन झालेल्या कंपन्या यात आहेत, सत्यम आहे, डीएचएफएल आहे, एचडीएफसी लिमिटेड बँकेत जाण्याआधीची आहे. आज जिवंत असलेल्या शेअर्सवरच बॅकटेस्ट केली (जुन्या भावांवर स्ट्रॅटेजी तपासली) तर कुठलीही स्ट्रॅटेजी भारी दिसते, मेलेले शेअर्स घातल्यावर माझ्या दोन आवडत्या स्ट्रॅटेजींची हवाच गेली, आणि हे कळणं मला पैशापेक्षा मोठं वाटतं. रोज संध्याकाळी स्क्रिप्ट चालते, अ‍ॅमीब्रोकर या चार्टच्या सॉफ्टवेअरला सीएसव्ही जाते, स्पीडबद्दल काही तक्रार नाही.

मिनिटामिनिटाचा डेटा मात्र यातून परत येत नाही, भावकॉपी दिवसाचीच असते. इंट्राडे करणाऱ्यांना तो विकतच घ्यावा लागेल, आणि घेतलात तर सबस्क्रिप्शन चालू असतानाच रोजच्या रोज सीएसव्ही काढून स्वतःच्या डिस्कवर ठेवा.