कॅलिपर घरी खोलायचा की नवाच बसवायचा?

समोरचं एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापतंय, ब्रेक मारला की गाडी किंचित एका बाजूला ओढते आणि मेकॅनिकने ‘कॅलिपर गेला’ असं सांगून टाकलंय. कॅलिपर म्हणजे चाकाच्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबून ब्रेक लावणारा भाग. इथवर आला असाल, तर प्रश्न एवढाच उरतो की सील किट, म्हणजे आतल्या रबरी भागांचं पाकीट, आणून घरी खोलायचा, की नवा कॅलिपर आणून मोकळं व्हायचं. मी दोन्ही केलंय. आधीच्या गाडीला नवे कॅलिपर बसवून घेतले, आताच्या हॅचबॅकचे पार्किंगमध्ये स्वतः खोलले. दोन्ही गाड्यांना समोर एका पिस्टनचा, पिनांवर सरकणारा नेहमीचा कॅलिपर होता. तुमचा वेगळा असेल तर माझं म्हणणं तेवढं सांभाळून घ्या.

नव्याचा फायदा उघड आहे. ब्रेक ऑईलची नळी म्हणजे होज जोडायचा, दोन बोल्ट आवळायचे, ऑईलमधली हवा काढायची, संपलं. जुन्या पिस्टनवरचा डाग बोटाने चाचपत ‘हा चालेल का’ असा विचार करत बसावं लागत नाही. पैशात फरक मोठा आहे. किट काही शे रुपयांत येतं, कॅलिपरला काही हजार जातात, आणि ब्रेकचं काम दोन्ही बाजूंना सारखंच करायला हवं म्हणजे ते दुप्पट. तरीही माझा निर्णय पैशावरून झाला नाही. तो झाला पिनांवरून.

पिस्टन फक्त आतला पॅड ढकलतो. बाहेरचा पॅड डिस्कवर यायचा तर अख्खा कॅलिपर, त्याला धरून ठेवणाऱ्या पक्क्या ब्रॅकेटमधल्या दोन गाइड पिनांवर सरकावा लागतो. पिना अडकल्या की सगळा भार आतल्या पॅडवर. माझ्या गाडीचा आतला पॅड पत्र्याला टेकायच्या बेतात होता आणि बाहेरचा जवळपास नव्यासारखा. पिस्टन व्यवस्थित हलत होता. एक पिन मात्र पकडीने पिळत पिळत बाहेर काढावी लागली. तिच्या टोकाला छोटं रबरी बुश असतं, ते फुगून लिबलिबीत झालं होतं. नवं बुश शेजारी धरलं तर जाडीतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसत होता.

कारण म्हणजे साधं ग्रीस. ब्रेकमधलं रबर बहुधा ईपीडीएम जातीचं असतं. त्याला डॉट ३, डॉट ४ हे नेहमीचं ब्रेक ऑईल चालतं, पण खनिज तेलाचं ग्रीस लागलं की ते फुगतं. बेअरिंगसाठी ठेवलेल्या डब्यातलंच बोटभर ग्रीस पिनांना फासायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. आणि खरी चीड पुढेच आहे. नवा कॅलिपर बऱ्याचदा ब्रॅकेटशिवाय येतो. म्हणजे पिनांची भोकं जुनीच, त्यातला मळ जुनाच आणि बसवणाऱ्याच्या हाताशी डबाही तोच. आधीच्या गाडीला माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं. कॅलिपर कोरे करकरीत, आणि काही महिन्यांनी नाशिक जिल्ह्यातल्या सप्तशृंगी गडावरून पायथ्याच्या नांदुरीला उतरलो तर डावं चाक पुन्हा तापलेलं, जळका वास येतोय. दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या ब्रेकवर उतरूनसुद्धा. चांगले पैसे मोजूनही मूळ दुखणं जागेवरच राहिलं, हे मला फार लागलं.

घरी खोललं की भोकं आपण साफ करतो आणि ग्रीसही आपणच निवडतो, सिलिकोनचं किंवा खास ब्रेकचं. माझ्या मते या एका गोष्टीसाठी घरची मेहनत वसूल होते.

मेहनत आहे, हे नाकारत नाही. होज सोडवण्याआधी पेडल हळूहळू दाबून पिस्टन बराचसा बाहेर आणून ठेवा. नंतर हवेच्या दाबाने काढायची वेळ आली तर समोर लाकडाचा ठोकळा हवा आणि बोटं लांब हवीत, कारण पिस्टन गोळीसारखा सुटतो. पिस्टनभोवतीचं रबरी सील चौकोनी कापाचं असतं. पेडल सोडल्यावर तेच पिळ सोडून पिस्टनला केसभर मागे आणतं. म्हणून सीलची खाच गंजाने भरली तर नवं सीलही घट्ट बसतं आणि ब्रेक धरून राहतो. सगळा धीर या खाचेवर खर्च करा. जुनं सील लाकडी काडीने काढा, खाचेला ओरखडा नको. सिलिंडरच्या भिंतीवरचे बारीक डाग मी फारसे मनावर घेत नाही, कारण सील पिस्टनच्या अंगावर घासतं, भिंतीवर नाही. पिस्टनवर मात्र नख अडकेल असा खड्डा दिसला तर तो पिस्टन बाद. सील ताज्या ब्रेक ऑईलमध्ये बुडवून बसवायचं आणि पिस्टन हाताच्या दाबाने सरळ आत जायला हवा. तिरका गेला तर बाहेर काढून पुन्हा. धुळीचं रबर, म्हणजे पिस्टनपाशी धूळ अडवणारं टोपण, दोन्ही खाचांत बसवणं हे सगळ्यांत चिकट काम आहे. पेट्रोल-डिझेलने काही धुऊ नका, रबर खराब होतं.

पिस्टन खराब आणि सुटा मिळत नाही, हवा काढायचा निपल तुटला, किंवा ब्रेकची हवा काढायचं काम कधी जवळून पाहिलेलंच नाही, अशा वेळी नवा घ्या, मीही तेच सांगेन. एबीएसची, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, गाडी असेल तर हवा काढताना टाकीतलं ब्रेक ऑईल तळाला जाऊ देऊ नका. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली की ती काढायला बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लागतो. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर निपल खाली जातो आणि कितीही पंप मारले तरी हवा निघत नाही, हे नव्या-जुन्या दोघांनाही लागू.

नवाच ठरवला तरी बसवण्याआधी पिना आणि भोकं स्वतः साफ करा, किंवा निदान समोर उभं राहून ग्रीस तुमचंच लावायला सांगा. नाशिकमध्ये द्वारकेकडे किट घ्यायला गेलात तर पिनांची रबरी टोपणं आणि बुश आत आहेत का, हे दुकानातच पाकीट उघडून बघा. पुष्कळ किटांत फक्त सील आणि धुळीचं रबर निघतं. होजच्या बोल्टचे तांब्याचे वॉशरही तिथेच मागा, जुने पुन्हा वापरायचे नसतात.