शॉपिंगमधून देणगी देणारं ब्राउझर एक्सटेन्शन, वापरून बघितलं

सहा महिने वापरतेय. आपण संस्था निवडायची, एक्सटेन्शनच्या लिंकवरून दुकानाच्या साईटवर जायचं, दुकान जे कमिशन देतं त्यातला वाटा संस्थेला, आपल्या खिशातून जादा काही जात नाही. आयडिया मस्तच. पण अ‍ॅड ब्लॉकर चालू राहिला किंवा मधेच दुसऱ्या कूपनवाल्याच्या लिंकवर क्लिक झालं की ट्रॅकिंग (खरेदी कुणाच्या लिंकवरून झाली याची नोंद) गंडतं आणि संस्थेच्या नावावर शून्य, माझ्या तीन ऑर्डरी अशाच गेल्या, सपोर्टवाले नुसते 'चेक करतो' म्हणतात. वस्तू परत केली तर देणगीही रद्द, ते ठीकय. रक्कम मात्र चिल्लरच हां, अ‍ॅमेझॉनस्माईल ही अ‍ॅमेझॉनची अशीच देणगी योजना २०१३ ते २०२३ होती, तीही खरेदीच्या ०.५ टक्केच द्यायची. म्हणून देणगी मी थेट वेगळी पाठवतेच, हे आपलं वरचं. तीन स्टार.