फोर प्रोब सेटअप: यंत्र चोख, पुस्तिका मात्र गोत्यात आणणारी

कॉलेजच्या लॅबसाठी घेतलेला फोर प्रोब सेटअप, म्हणजे चार टोकं टेकवून पदार्थातून वीज किती सहज वाहते ते मोजायचं यंत्र, नऊ वर्षं वापरून झाल्यावर हे लिहितेय. बनवणाऱ्याचं नाव देत नाही. तक्रार त्यांच्या कानावर घालून झाली आहे, भांडण वाढवायचं नाही.

खोक्यात आलं ते असं: ठरावीक करंट देणारा आणि मिलिव्होल्ट दाखवणारा एक डबा, छोटी ओव्हन, जर्मेनियमचा लहानसा तुकडा आणि स्प्रिंगवर बसवलेली चार टोकं, दोन टोकांत 2 मिमी अंतर. तेव्हा कर धरून 30 हजारांच्या आत. एवढ्या पैशात वाईट नाही. बाहेरच्या दोन टोकांतून करंट सोडायचा, आतल्या दोघांत व्होल्टेज मोजायचं, म्हणजे टोक नीट टेकलंय की नाही याचा रोध मोजणीत घुसत नाही. डबा आजही पहिल्या दिवसासारखा चालतो. करंटची दिशा उलटी करून बघा, आकडा तोच येतो.

आम्ही यावर वीज वाहणारा पॉलिमर पॉलिअ‍ॅनिलिन मोजतो. अ‍ॅनिलिन हायड्रोक्लोराइडच्या द्रावणात अमोनियम पर्सल्फेट ओतलं की थोड्या वेळाने निळं होतं, मग गर्द हिरवं. ती पूड गाळायची, धुवायची, वाळवायची, खलायची आणि 13 मिमीच्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून चकती करायची. हिरवे डाग बोटांवरून दोन दिवस जात नाहीत. आमच्या एमएस्सीच्या मुली लग्नसराईत हा प्रयोग टाळतात.

आता पुस्तिका. त्यात प्रयोग एकच, जर्मेनियमचा. रोधकतेचं (म्हणजे वाहकतेच्या उलट) सूत्रही जाड तुकड्याचं: 2π गुणिले टोकांतलं अंतर गुणिले व्होल्टेज भागिले करंट. नमुना पातळ असेल तर दुरुस्ती करावी लागते, हे शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत. ते पान मी वाचलं नाही. चूक माझीच, पण पीएचडीच्या घाईत शेवटचं पान कोण वाचतं?

आमची चकती अर्धा मिमी जाडीची. 10 मिलिअँपिअरला 10 मिलिव्होल्ट आले. पुस्तिकेच्या सूत्राने हिशेब केला, वाहकता आली 0.8 सीमेन्स प्रति सेंटिमीटर. पेपर लिहिला, कमी वाहकतेची कारणंही शोधून काढली: साखळ्यांतली अव्यवस्था, डोपिंग, म्हणजे आम्लाची भर, अपुरं, वगैरे. पेपर तपासणाऱ्या रेफ्रींनी मान डोलावली.

तीन वर्षांनी एका मुलीने सहज विचारलं, "मॅडम, स्टेस्कालांच्या रिपोर्टमध्ये 4.4 आहे, आपलंच एवढं कमी का?" तो 2002 सालचा आययुपॅकचा, म्हणजे रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा रिपोर्ट. पाच संस्थांतल्या आठ जणांनी एकाच कृतीने पॉलिअ‍ॅनिलिन बनवलं, 59 नमुने मोजले, सरासरी 4.4, मागेपुढे 1.7. आमची कृतीही तीच! त्या रात्री पातळ नमुन्याचं सूत्र घेऊन बसले. 4.53 गुणिले जाडी गुणिले व्होल्टेज भागिले करंट. तेच 10 मिलिव्होल्ट, आणि उत्तर 4.4. चकतीच्या व्यासाची दुरुस्ती धरली तर पाचाच्या थोडं वर. पॉलिमर पहिल्यापासून ठणठणीत होता, आजार आमच्या वहीत होता.

जपानच्या शिराकावांच्या लॅबमध्ये उत्प्रेरक चुकून हजारपट पडला, पॉलिअ‍ॅसिटिलीनचा चंदेरी पापुद्रा मिळाला आणि पुढे 2000 साली हीगर आणि मॅकडायर्मिड यांच्यासोबत वीज वाहणाऱ्या पॉलिमरांसाठी नोबेल. आमची चूक साडेपाच पट. मिळालं शुद्धिपत्र.

आणि गंमत म्हणजे माझ्या सगळ्या पेपरांत सर्वात जास्त सायटेशन, म्हणजे दुसऱ्या पेपरांत दिलेले संदर्भ, याच पेपरला. 41. त्यातली 9 आमचीच आम्हाला. उरलेले उघडून पाहिले तर बरेच जण '0.8' हाच आकडा तक्त्यात टाकतात आणि शेजारी स्वतःचा 3 किंवा 6 लिहून 'लक्षणीय सुधारणा' म्हणतात. दर वर्षी नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची, कागदपत्रं भरताना हा पेपर यादीत सगळ्यात वर येतो. मी काय बोलणार? शुद्धिपत्राला आजवर एकही सायटेशन नाही.

यंत्राच्या दोन खऱ्या तक्रारी. एक, टोकं गंजतात. चकतीतून सुटणारं हायड्रोक्लोरिक आम्ल स्प्रिंगपर्यंत पोचतं आणि एखादं टोक अडकून बसतं. वापरून झालं की लॅबचे मामा आता अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून ठेवतात. दुसरं, ओव्हन जर्मेनियमसाठी ठीक आहे, पॉलिअ‍ॅनिलिन त्यात फार तापवू नका. आम्ल उडून जातं आणि वाहकता कोसळते, मग आपण त्याचाही सिद्धांत लिहून बसतो.

यंत्राला चार तारे, पुस्तिकेला एक. घेणार असाल तर आल्या दिवशी शेवटच्या पानाची झेरॉक्स काढून डब्यावरच चिकटवा. आमच्याकडे ती आता सेलोटेपने लावलेली आहे, आणि तिच्यावरही हिरवा अंगठा उमटलाय.