रंग बघून भुलू नका: जुनी ब्रिटिश लाइटवेट फ्रेम निवडताना

समजा, इंग्लंडात तुमच्यासमोर जुन्या लाइटवेट, म्हणजे वजनाला हलक्या, सायकलींच्या दोन फ्रेम ठेवल्या आहेत आणि किंमत जवळपास सारखीच आहे. पहिली क्लॉड बटलर: ताजा निळा रंग, लगभोवती (नळ्या जिथे जुळतात तिथले धातूचे सांधे) सोनेरी रेघा, कोरी अक्षरं. विकणारा छातीठोकपणे सांगतो, ‘1950 ची, रेनॉल्ड्स 531’ (रेनॉल्ड्स कंपनीची पोलादी नळी). दुसरी कार्लटन: रंगाचे पोपडे उडालेले, स्टिकर अर्धेच शिल्लक. वर्ष विकणाऱ्यालाही ठाऊक नाही, पण बीबीच्या (पेडलचा आस फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या) कवचाखाली ‘डब्ल्यूबी4’ ने सुरू होणारा नंबर स्वच्छ वाचता येतो.

बहुतेकांचा हात पहिलीकडे जातो. मी दुसरी घेईन. निदान पहिलीचा चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) बाहेर काढून बघेपर्यंत तरी.

नावावरून फार काही ठरत नाही. क्लॉड बटलरचा मूळ लंडनचा धंदा 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात बुडाला, नाव होल्ड्सवर्थ या दुसऱ्या सायकल कंपनीने घेतलं आणि पुढे ते फाल्कन कंपनीकडे गेलं. म्हणजे एकच नाव, पण मालक तीन आणि कामाचा दर्जाही तीन तऱ्हांचा. युद्धानंतर लग मिळेनात तेव्हा बटलरकडे लगशिवाय ब्रेझिंग (पितळ वितळवून जोडकाम) करून, किंवा पत्र्याची नक्षीदार बाही नळीवर चढवून सांधे केले जात. तुमच्या ‘1950’ च्या फ्रेमवर तसे सांधे दिसले तर गोष्ट जुळू लागते. नेर्व्हेक्सचे फ्रेंच लग दिसले तर त्यावरून एवढंच कळतं की फ्रेम युद्धानंतरची आहे. ते लग पुढे कितीतरी वर्षं कितीतरी कारागीर वापरत होते. कार्लटनचं नाव त्या मानाने सरळ आहे: वर्कसॉपचा कारखाना, 1960 मध्ये रॅले या बड्या सायकल कंपनीने विकत घेतलेला.

आता नंबर. रॅलेच्या 1970 च्या दशकातल्या पद्धतीत पहिलं अक्षर कारखान्याचं (डब्ल्यू म्हणजे वर्कसॉप, एन म्हणजे नॉटिंगहॅम), दुसरं महिन्याचं आणि नंतरचा आकडा वर्षाचा शेवटचा अंक. म्हणजे 4 वरून 1974 निघतं; नुसत्या अंकावरून 1984 सुद्धा निघालं असतं, पण वर्कसॉपचा कारखाना 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद झाला होता. तरी खात्रीसाठी फूटपट्टी काढायची. मागच्या दोन ड्रॉपआउटमधलं (चाकाचा आस बसतो त्या खाचांमधलं) आतलं अंतर 120 मिलिमीटर असेल तर फ्रेम पाच गिअरच्या काळातली, 126 असेल तर सहा-सात गिअरच्या. मात्र 120 ची फ्रेम ताणून 126 करणारे हौशी लोक भरपूर आहेत. तेव्हा दोन्ही ड्रॉपआउट एकमेकांना समांतर आहेत का तेही बघा. ताणून तसंच सोडून दिलेलं असेल तर ते तिरके दिसतात.

क्लॉड बटलरच्या बाबतीत नुसता बीबीखालचा नंबर बघून थांबू नका. हेडसेट (हँडलखालचं बेअरिंग) सोडवून चिमटा खाली काढा, चिमट्याच्या वरच्या नळीवरचं वाळलेलं ग्रीस रॉकेलच्या चिंधीने पुसा. बऱ्याच ब्रिटिश कारागिरांनी फ्रेमचाच नंबर चिमट्याच्या नळीवरही ठोकलेला असतो. दोन्ही जुळले तर चिमटा मूळचा. वेगळे निघाले तर कधीतरी अपघात झालेला असतो किंवा दोन सायकलींची एक केलेली असते. नवा रंग हे सगळं झाकतो. एकदा पुसलेली चिंधी हातात घेऊन उभे राहिलात की विकणाऱ्याचा सूर कसा बदलतो ते बघण्यासारखं असतं.

531 च्या स्टिकरला मी कवडीची किंमत देत नाही. ही मँगनीज-मॉलिब्डेनमची नळी रेनॉल्ड्सने 1935 मध्ये आणली आणि नंतर कित्येक दशकं ती चालली, शिवाय स्टिकर आज नवे छापून मिळतात. त्याऐवजी सीटची दांडी काढून व्हर्नियर लावा. 27.2 मिलिमीटरची दांडी नीट बसत असेल तर नळी बहुधा खरोखरच बटेड, म्हणजे टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशी आहे. 26.4 च्या आसपास निघाली तर साधी, एकसारख्या जाडीची. तीही 531 असू शकते, पण किंमत तेवढी नाही. मूळ स्टिकर शाबूत असेल तर त्यावरचा मजकूरही वाचा: काहींवर फक्त तीन मुख्य नळ्यांचा उल्लेख असतो, काहींवर चिमटा आणि मागच्या नळ्यांचाही.

पहिल्या फ्रेमवर बाटलीच्या पिंजऱ्याचे स्क्रू बसवायला ब्रेझ केलेली भोकं दिसली तर कान टवकारा. त्या काळी बाटली, केबल, गिअरचा दांडा असं बरंच काही क्लिपने अडकवायचे. ती भोकं नंतर, रंग करतानाच घातलेली असणार. यामुळे फ्रेम वाईट ठरत नाही. चालवायला उलट सोयीचीच. पण ‘जशीच्या तशी’ म्हणून जास्तीचे पैसे मागितले तर देऊ नका.

सायकल पूर्ण असेल तर सुट्या भागांवर वर्षं सापडतात. स्टर्मी-आर्चरच्या हबवर ‘53 7’ असं ठोकलेलं असेल तर तो हब जुलै 1953 चा. कॅम्पान्योलोच्या क्रँकच्या पाठीमागे वर्तुळातला आकडा असेल तर तो 1980 च्या दशकाचा. पण हे वय त्या भागाचं, फ्रेमचं नव्हे. क्लब रायडर दर दोन-चार वर्षांनी चाकं आणि गिअर बदलायचे.

काही फ्रेम लांबूनच ओळखू येतात. हेचिन्सच्या मागच्या नळ्या नागमोडी असतात, बेन्सच्या ‘फ्लाइंग गेट’ची सीटची नळी जवळजवळ उभी असते. मात्र आकारावरून कारागीर कळतो, साल कळत नाही: फ्लाइंग गेट 1970 च्या दशकाच्या शेवटी टी. जे. सायकल्सने पुन्हा बनवायला घेतली.

(पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारात ‘इंग्लंडची लाइटवेट’ म्हणून जे दाखवतात ते बहुतेक वेळा रॉड ब्रेकचं जड रोडस्टर असतं. त्यातलं एखादं तर नॉटिंगहॅमचंही नसतं, आसनसोलच्या सेन-रॅलेचं असतं. छान सायकली आहेत, पण त्या लाइटवेट नव्हेत.)

चाकाचंही बघून ठेवा. कार्लटन 27 इंची चाकावर असेल तर 700सी (आजच्या नेहमीच्या मापाचं) चाक बसवायला ब्रेकचे पॅड फक्त 4 मिलिमीटर खाली आणावे लागतात. बहुतेक वेळा जमतं. 1950 ची क्लॉड बटलर 26 इंची, 597 मिलिमीटरच्या रिमसाठी केलेली असू शकते आणि त्या मापाचे चांगले टायर शोधत बसावं लागतं.

तरी मन निळ्या फ्रेमवरच बसलं असेल तर पैसे देण्याआधी तीन फोटो मागा: बीबीखालचा नंबर, चिमट्याच्या नळीवरचा नंबर, आणि सीटच्या दांडीवरचं माप. तिसरा टाळला तर घासाघीस करा. दुसरा टाळला तर सोडून द्या.