दंडावर बांधायचे रक्तदाबमापक: घरात जरूर असावे, पण पट्टा पाहून घ्यावे

वाढलेला रक्तदाब बहुतेकांना जाणवत नाही. डोके दुखत नाही, दम लागत नाही, आणि तरीही हृदय, मेंदू व मूत्रपिंडे यांच्या रक्तवाहिन्या वर्षानुवर्षे खराब होत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ३० ते ७९ या वयोगटातील उच्च रक्तदाब असलेल्या प्रौढांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक लोकांना आपल्याला हा त्रास आहे हे ठाऊकच नसते. दहा लाख प्रौढांच्या माहितीवर आधारलेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात ४० ते ६९ या वयात वरचे बीपी (दोन आकड्यांपैकी मोठा, पाऱ्याच्या मिलिमीटरांत मोजलेला) २० ने जास्त असले की पक्षाघाताने किंवा हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण दुप्पट किंवा त्याहून अधिक आढळले, आणि हा चढ ११५ च्या आसपासच सुरू झालेला दिसला. आयुष्याच्या लांबीशी इतका थेट संबंध असलेली आणि घरबसल्या मोजता येणारी दुसरी गोष्ट मला तरी सांगता येणार नाही. म्हणूनच दंडावर पट्टा बांधून मोजणाऱ्या स्वयंचलित यंत्राविषयी, ते नियमित वापरल्यानंतर, सविस्तर लिहावेसे वाटले.

यंत्राचे काम सोपे दिसते. पट्ट्यात हवा भरली जाते, दंडातील धमनी दाबली जाते, आणि दाब बदलत असताना धमनीची जी स्पंदने पट्ट्यापर्यंत पोहोचतात ती यंत्र टिपते. ही स्पंदने सर्वांत मोठी असतात तो दाब सरासरी रक्तदाबाच्या जवळचा असतो. वरचा आणि खालचा हे दोन्ही आकडे मात्र यंत्र त्यावरून गणिताने काढते. हे गणित प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. त्यामुळे दोन चांगल्या यंत्रांचे आकडेही तंतोतंत जुळत नाहीत आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पाहायचे ते एवढेच, की त्या मॉडेलची अचूकता आंतरराष्ट्रीय मानकानुसार माणसांवर तपासलेली आहे का. या मानकात किमान ८५ व्यक्तींवर चाचणी करावी लागते आणि सरासरी चूक पाऱ्याच्या ५ मिलिमीटरांपेक्षा जास्त चालत नाही. अशा तपासलेल्या मॉडेलांच्या याद्या इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या आहेत. खोक्यावर नुसते ‘अचूक’ असे छापलेले असेल तर त्याला काही अर्थ नाही.

माझ्या मते या यंत्राचा सर्वांत महत्त्वाचा भाग पट्टा आहे, आणि खरेदीच्या वेळी त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. दंडाच्या मानाने पट्टा लहान असला की आकडा खोटाच वाढलेला येतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ज्यांना सर्वांत मोठ्या मापाचा पट्टा लागत होता, त्यांना नेहमीच्या मापाचा पट्टा बांधल्यावर वरचे बीपी सरासरी १९.५ ने जास्त नोंदले गेले. एवढ्या फरकाने निरोगी माणसाला रुग्ण ठरवले जाऊ शकते आणि नको असलेली गोळी आयुष्यभर गळ्यात पडू शकते. तेव्हा खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर टेपने मोजावा, पट्ट्यावर छापलेली मर्यादा पाहावी, आणि आपला घेर त्या मर्यादेच्या अगदी टोकाला येत असेल तर दुसरे माप मागावे. २२ ते ४२ सेंटीमीटर घेराला चालणारे पट्टेही मिळतात आणि अनेक घरांना ते सोयीचे पडतात.

पट्टा बरोबर असूनही बसण्याची पद्धत चुकली तर मोजणी वाया जाते. पाठीला आधार हवा, पावले जमिनीवर सपाट हवीत, पायांची घडी नको, आणि हात टेबलावर अशा रीतीने ठेवावा की पट्टा हृदयाच्या पातळीवर येईल. हात मांडीवर ठेवला तरी वरचे बीपी सुमारे ४ ने आणि बाजूला लोंबता सोडला तर सुमारे ६.५ ने जास्त येते, असे २०२४ च्या एका अभ्यासात आढळले आहे. आधी पाच मिनिटे शांत बसावे. त्यापूर्वीच्या अर्ध्या तासात कॉफी, धूम्रपान आणि व्यायाम टाळावा. लघवी तुंबलेली नसावी. मोजताना बोलू नये. हे सारे कटकटीचे वाटते हे मान्य, पण यंत्राला दोष देणाऱ्या अनेक तक्रारींचे मूळ इथेच असते.

जादा सुविधांपैकी मला खरोखर उपयोगी वाटली ती स्मरणात ठेवलेल्या नोंदींची सरासरी आणि दोन व्यक्तींच्या नोंदी वेगळ्या ठेवण्याची सोय. मोबाइलला जोडण्याची सोय नसली तरी चालते. साधी वही पुरते. आकडा हिरवा की लाल हे दाखवणारी पट्टी तर मला थोडी घातकच वाटते, कारण एका लाल आकड्याने माणूस घाबरून पुन्हा पुन्हा मोजत सुटतो आणि त्या घाबरण्यानेच बीपी चढते.

खरी किंमत आठवड्याच्या सरासरीला आहे. सकाळी आणि संध्याकाळी, दर वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, असे सात दिवस मोजावे आणि पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी. दवाखान्यात १४०/९० ही मर्यादा धरली जाते, तिथे घरच्या सरासरीसाठी १३५/८५ धरतात. डॉक्टरांसमोर बसले की ज्यांचे बीपी वाढते त्यांचा खुलासा या वहीतून होतो. आणि दवाखान्यात सारे ठीक पण घरी वाढलेले, अशी जी अधिक धोक्याची अवस्था असते, तीही मुख्यतः अशा मोजणीतूनच उघडकीस येते. मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी केले, रोज चालणे सुरू केले, वजन उतरले, मद्य सोडले, की त्याचा परिणाम काही आठवड्यांत याच सरासरीत उतरताना दिसू लागतो. सवय टिकवायला हा पुरावा उपदेशापेक्षा जास्त बळ देतो.

मर्यादाही आहेत. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर एकच आकडा धरून चालत नाही. तीन वेळा मोजावे लागते. गरोदरपणासाठी वेगळे तपासलेले मॉडेल हवे. मनगटावरची यंत्रे हाताच्या स्थितीला फार संवेदनशील असल्याने, दंडाला पट्टा बसतच नसेल तरच मी ती सुचवेन. आकडा १८०/१२० च्या वर जाऊन सोबत छातीत दुखणे, दम लागणे किंवा हातापायातली शक्ती जाणे असे काही झाले, तर पुन्हा मोजत न बसता थेट रुग्णालय गाठावे. आकडे पाहून गोळ्यांचा डोस स्वतःच कमी-जास्त करणे तर मुळीच योग्य नाही.

वर्षातून एकदा यंत्र दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या मोजणीशी ताडून घ्यावे. पट्ट्याचे चिकटबंद कालांतराने सैल होतात आणि नळीतून हवा गळू लागते, म्हणून त्याच मॉडेलचा त्याच मापाचा पट्टा सुटा मिळतो का, हे यंत्र घेतानाच विचारून ठेवावे.