शासकीय दंत महाविद्यालय, संभाजीनगर: जबड्याची गाठ असंल तर आधी इथं दाखवा

लोकं दातांच्या सरकारी कॉलेजात दाढ काढायला नाहीतर कवळी बसवायला जातात, पण जबडा फुगलाय, तोंडातली जखम भरेना, तोंडच उघडेना असलं काही असंल तर सरळ इथं जा म्हणून हे लिहायलो.

आमची आक्का सिल्लोडकडं असते. तिचा उजवा जबडा हळूहळू फुगायला लागला, दुखत काहीच नव्हतं म्हणून घरात कुणी मनावर घेईना. गावाकडं एका दवाखान्यात दाढ किडली म्हणून काढली, गोळ्या दिल्या, एक्स-रे नाही की काही नाही, सूज होती तशीच. मग इकडं आणलं.

केसपेपर काढला की आधी तपासणीच्या ओपीडीत पाठवतात आन माझ्या मते खरं काम तिथंच होतं. मॅडमनी दातांकडं नंतर बघितलं, आधी मान चाचपली, जबडा आतून-बाहेरून दाबून बघितला, ओठ बधिर वाटतो का विचारलं. मग ओपीजी काढला, त्यात मशीन डोक्याभोवती फिरतं आन दोन्ही जबडे एकाच फोटोत येतात. हाडात साबणाच्या फेसासारखे कप्पे दिसायले. तरी लगेच ऑपरेशन नाही म्हणल्या, आधी गाठीचा तुकडा काढून तपासू, कारण पाण्याची गाठ आन भरीव गाठ फोटोत सारखी दिसू शकते.

रिपोर्टात अमेलोब्लास्टोमा आला. दाजी घाबरून गेले. तर एका शिकाऊ पोरीनं त्यांना बसवून कागदावर जबडा काढून सांगितलं की दात घडवणाऱ्या पेशींपासून ही गाठ होते, हा कॅन्सर नाही, सहसा दुसरीकडं पसरत नाही पण हाड पोखरत जाते, नुसती खरवडली तर परत यायची शक्यता जास्त, म्हणून भोवतीचं सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर चांगलं हाडही काढावं लागतं. एवढं समजावून सांगणारं दुसरीकडं कुणी भेटलं नव्हतं हो, मनापासून आभार त्या पोरीचे! ऑपरेशन नीट झालं, टायटॅनियमची प्लेट बसवली, आक्का आता भाकर कुस्करून खाते.

बाकड्यावर बघितलं तर निम्मी पोरं सुपारी-गुटख्याची, विशी-पंचविशीची, तोंड उघडेना, तिखट सोसेना. गुटख्यावर 2012 पासून राज्यात बंदी हाय तरी ही गत, लई वाईट वाटलं. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जाईनात तर वाट बघू नका, कडक झालेलं तोंड पहिल्यासारखं होणं अवघड असतं आन त्यातून पुढं कॅन्सर होऊ शकतो.

जाताना जुने एक्स-रे, आधार, रेशनकार्ड सोबत ठेवा, ऑपरेशन सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते तिथंच विचारा, सकाळी लवकर गेलेलं बरं. आन आक्काला झाली तसली गाठ दहा वर्षांनीसुद्धा परत आलेली लोकं हायेत, त्यामुळं बरं वाटलं तरी बोलावलेल्या तारखेला फोटो काढायला जायचंच.