‘ए फॉर ॲपल’ची शंभर कार्डं: पहिली-दुसरीच्या इंग्रजीला किती पुरतात?

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात असो की तालुक्याच्या गावातल्या स्टेशनरीच्या दुकानात, पहिली-दुसरीसाठी ‘इंग्रजी शिकवायचं काही’ मागितलं की दुकानदार बहुधा चित्रकार्डांचा खोका पुढे सरकवतो. आत शंभराच्या आसपास कार्डं: मुळाक्षरं, प्राणी, फळं, भाज्या, वाहनं, रंग, आकडे. किंमत दोनशे रुपयांच्या मागेपुढे. हे परीक्षण एखाद्या छापाचं नाही, या सगळ्या धाटणीचं आहे, कारण खोक्यावरचं नाव बदललं तरी आतला माल बराचसा तोच असतो.

निकाल आधीच सांगतो. घ्यायला हरकत नाही, पण शंभरातली पन्नासेक कार्डंच पहिल्या वर्षी उपयोगाची. आणि खोक्यात ज्या क्रमाने लावलेली असतात त्या क्रमाने शिकवायला घेतली, तर मूल ‘झेड फॉर झीब्रा’पर्यंत पोहोचतं आणि तरीही ‘धिस इज माय बॅग’ म्हणू शकत नाही.

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे हे कार्ड ज्या मुलाच्या हातात पडतं त्याला अजून मराठी वाचता येत नसतं, किंवा नुकतं येऊ लागलेलं असतं. खरेदी करताना हेच सगळ्यात आधी लक्षात ठेवावं. आधी कान, मग तोंड, वाचन त्यानंतर, लेखन सर्वात शेवटी. जे कार्ड या क्रमाच्या आड येतं ते कितीही गुळगुळीत छापलेलं असलं तरी बाजूला काढावं.

पहिली अडचण इथेच. बहुतेक संचांत चित्र आणि शब्द एकाच बाजूला असतात. ज्याला अक्षरं येतात ते मूल चित्राकडे बघत नाही आणि ज्याला येत नाहीत ते शब्दाकडे कधीच बघत नाही, चित्र बघून ‘कॅट’ म्हणतं. आपल्याला वाटतं, वाचतंय. चित्र एका बाजूला आणि शब्द मागे असलेला संच मिळाला तर तोच घ्या, चाळीस-पन्नास रुपये जास्त पडले तरी. नाहीच मिळाला, तर ड्रॉइंग शीटची दोन बोटं रुंदीची पट्टी कापा आणि कागदी क्लिपने शब्दावर बसवा. शब्द दाखवायची वेळ आली की पट्टी काढायची.

काही संचांत मागच्या बाजूला हिंदीत उच्चार दिलेला असतो: ‘कैट’, ‘बैट’, ‘फैन’. हिंदीत तो बरोबर आहे. मराठी मूल मात्र ‘कैट’ हे ‘कइट’ असं वाचतं, जसं ते ‘वैरी’ वाचतं. घरी आईवडील मागची बाजू बघून शिकवणार असतील, तर हा उच्चार पक्का बसतो आणि मग निघत नाही. मराठीत आपल्याकडे ‘ॲ’ आणि ‘ऑ’ आहेत. बॅट आणि बेट यांतला फरक आपलं मूल सहज ऐकतं. ही मिळालेली सोय असा संच वाया घालवतो. मागची ओळ पांढऱ्या स्टिकरने झाका.

आता मुळाक्षरांची सव्वीस कार्डं. खोक्यातला सगळ्यात कच्चा भाग हाच, म्हणून जरा थांबून बघू या.

देवनागरीत अक्षराचं नाव आणि त्याचा आवाज एकच. ‘क’ला आपण क म्हणतो आणि शब्दातही तो क असतो. इंग्रजीत अक्षराचं नाव ‘सी’, आवाज मात्र ‘क्’. मराठी मुलासाठी ही संपूर्ण नवी कल्पना आहे. म्हणून ‘सी-ए-टी कॅट’ हे शंभर वेळा घोकूनही पुढे ‘बी-ए-टी’ समोर आलं की ते गप्प बसतं. सी, ए आणि टी या तीन नावांमधून ‘कॅट’ हा आवाज निघतच नाही, मग ते बिचारं काढणार कुठून? कार्ड दाखवताना नाव नव्हे, आवाज सांगायचा. तोही तोडून: ‘क’ नव्हे, ‘क्’. आपल्या ‘क’मध्ये ‘अ’ दडलेला असतो. तो मागे राहिला की मूल ‘क-ॲ-ट’ जोडून ‘कअॅटअ’ असं काहीतरी म्हणतं.

मग कार्डावरचं चित्र त्या आवाजाचं हवं. इथे छापणाऱ्यांनी विचारच केलेला नसतो. ‘आय’च्या कार्डावर आइस्क्रीम असतं, त्यात ‘आय’ हे नाव ऐकू येतं, पण सुरुवातीला मुलाला लागणारा ‘इ’ हा आवाज नाही. ‘इंक’ हवं. ‘ए’ला एरोप्लेन नको, ॲपल किंवा अँट चालेल. ‘जी’ला जिराफ नको, गोट हवी. ‘ओ’ला आउल नको, ऑरेंज ठीक. ‘यू’ला युनिफॉर्म नको, अंब्रेला हवी. ‘सी’ला चेअर, ‘एस’ला शिप, ‘टी’ला थंब, ही तिन्ही बाद. ‘एक्स’ला एक्स-रे असतोच, त्याऐवजी फॉक्स किंवा बॉक्स दाखवून आवाज शब्दाच्या शेवटी ऐकवायचा. दुकानात खोका उघडायला सांगून ‘आय’, ‘जी’, ‘ओ’ आणि ‘यू’ ही चारच कार्डं बघा. चारही बरोबर असतील तर संच करणाऱ्याने शिकवणाऱ्याला विचारलेलं आहे असं समजा.

अक्षरांचं वळणही तपासा. सगळा शब्द मोठ्या लिपीत छापलेला असेल तर तो संच वाचनाला कामाचा नाही. पुस्तकात मुलाला छोटी लिपी भेटते. छोट्या लिपीतही ‘ए’ दोन प्रकारचा असतो: एक हाताने लिहितो तसा, गोल आणि उजवीकडे दांडी, दुसरा छापील, डोक्यावर बाक असलेला. ‘जी’चंही तसंच, एकाला खाली साधी शेपटी, दुसऱ्याला बंद फास. पहिलीच्या मुलाला ही दोन वेगळी अक्षरं वाटतात. हाताच्या वळणाचा ‘ए’ असलेला संच निवडावा.

ही सव्वीस कार्डं ए-बी-सी-डी क्रमाने घेऊ नयेत. एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा आधी वेगळी काढा. या सहांतच सॅट, सिट, पिन, पॅन, टॅप, टिन, नॅप, अँट इतके शब्द जुळतात, आणि यातल्या एकाही शब्दात एक अक्षर दोनदा येत नाही. त्यामुळे प्रत्येक अक्षराचं एकच कार्ड असलेला साधा संचही पुरतो. आठवड्याला दोन आवाज पुरे. हे काम साधारण दुसऱ्या सत्रात सुरू करावं, कान तयार झाल्यावर.

चित्रांच्या कार्डांकडे वळू. पहिली वीस कार्डं निवडताना इग्लू, यॉट, झायलोफोन सरळ खोक्यात परत टाका. मूल शाळेत येतानाच बॉल, बस, पेन, बॅग, टेबल, कप, फॅन, बॉटल, शर्ट, सायकल हे शब्द घेऊन येतं. ते इंग्रजी आहेत हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. पहिला आठवडा याच शब्दांचा. नवा शब्द शिकायचं ओझं नसल्याने मूल वाक्याच्या साच्याकडे लक्ष देऊ शकतं: ‘धिस इज अ बॉल.’ मराठीत नामाआधी येणाऱ्या या ‘अ’सारखं काही नाही, त्यामुळे ते गळतं. म्हणून पहिल्या दिवसापासून ‘बॉल’ असं सुटं न म्हणता ‘अ बॉल’ असंच म्हणायचं, नियम सांगायचा नाही.

अनेकवचनाला ही कार्डं तोकडी पडतात. आपण ‘दोन बॉल, तीन पेन’ म्हणतो, म्हणून मूल ‘टू बॉल’ म्हणतं, आणि त्याच्या दृष्टीने ते अगदी बरोबर असतं. कार्डावर वस्तू एकच असते, त्यामुळे फरक दिसत नाही. इथे कार्ड ठेवून द्या आणि खरी पेनं घ्या. एक दाखवून ‘अ पेन’, दुसरं उचलताना शेवटचा आवाज लांबवून ‘पेन्स’.

एका तासिकेचं टाचण कसं होतं ते बघू. तासिका ३५ मिनिटांची, पट तीसचा, शब्द पाच: कॅट, डॉग, काऊ, हेन, गोट.

पहिली चार मिनिटं हालचाल: स्टँड अप, टर्न अराउंड, टच युवर नोज, सिट डाउन. मुलांनी बोलायचं नाही, फक्त करायचं. जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात मांडलेली ही पद्धत, आणि बुजऱ्या मुलासाठी हिच्याइतकं सोपं दार दुसरं नाही. मग आठ मिनिटं कार्डं. कार्ड वहीच्या मागे धरा आणि हळूहळू वर सरकवा. आधी फक्त कान दिसू दे. ‘इज इट अ डॉग?’ आणखी थोडं वर. ‘इज इट अ कॅट?’ मुलं यस-नो एवढंच म्हणतील, पण तोवर प्रत्येक शब्द सहा-सात वेळा त्यांच्या कानावरून गेलेला असेल. मुलाला ‘व्हॉट इज धिस?’ विचारायची घाई हीच इथली नेहमीची चूक. ऐकलेलं पुरेसं साचलेलं नसताना विचारलं की हुशार चार मुलं उत्तर देतात आणि बाकीची त्यांच्या तोंडाकडे बघायला शिकतात.

पुढची दहा मिनिटं खेळ. कार्डं भिंतींवर लावून ‘टच द काऊ’ म्हणत दोघांना पळवायचं, असं सुचवलेलं आढळतं. तीसच्या पटात दोघं पळतात, अठ्ठावीस कंटाळतात. त्यापेक्षा दोरीला कपड्यांच्या चिमट्यांनी पाचही कार्डं लटकवा आणि सगळ्या वर्गाला बोट दाखवायला लावा. दोन फेऱ्यांनंतर डोळे मिटायला सांगून एक कार्ड काढा: ‘व्हॉट इज मिसिंग?’ इथे शब्द आपसूक तोंडात येतो. त्यानंतर आठ मिनिटं रांगेरांगेने साचा: ‘आय सी अ काऊ.’ संपूर्ण वर्गाकडून एका सुरात म्हणवून घेणं टाळा; त्या गजरात सात-आठ आवाज असतात, बाकी ओठ हलतात. शेवटची पाच मिनिटं वहीत चित्र. स्पेलिंग नाही.

मराठी बोलायचं का? खेळाचा नियम पहिल्यांदा सांगताना जरूर बोला. कार्ड दाखवून लगेच ‘कॅट म्हणजे मांजर’ मात्र म्हणू नका. चित्रात मांजर दिसतंच आहे, आणि अर्थ मराठीत येणारच हे कळलं की मूल इंग्रजी शब्द सोडून देऊन पुढच्या शब्दाची वाट बघतं.

पाच नवे शब्द दुसऱ्या दिवशी, मग एक दिवस सोडून, मग पुढच्या आठवड्यात परत यायला हवेत. यासाठी तीन पाकिटं करा: नवी, कच्ची, पक्की. तासिकेच्या शेवटी कार्ड पुढच्या पाकिटात जातं, अडखळलं तर मागे येतं. पहिली-दुसरी एकत्र बसणाऱ्या द्विशिक्षकी शाळेत तेच कार्ड दोन्ही वर्गांना चालतं: पहिली बोलते, दुसरी पट्टी काढलेला शब्द वाचते.

आकार हा मोठा दोष. बरेच संच पोस्टकार्डाएवढे असतात. घरी एका मुलासाठी ठीक, वर्गात तिसऱ्या रांगेपलीकडे शेळी आणि गाय सारखीच दिसते. वर्गासाठी ए-फाइव्ह, म्हणजे साधारण १५ बाय २१ सेंटिमीटर, हे किमान माप धरा. चकचकीत लॅमिनेशन खिडकीच्या उजेडात चमकतं आणि अर्ध्या वर्गाला पांढरा डाग दिसतो, मॅट बरं. कागद ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरमागे ग्रॅम, म्हणजे कागदाच्या जाडीचा अंदाज देणारं वजन) खालचा नको. स्पायरल बांधणीचा संच घेऊच नका, कारण कार्डं पिसता येत नाहीत, दोरीला लावता येत नाहीत, मुलाच्या हातात देता येत नाहीत.

पैसे नसतील तर? बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफमध्ये मोफत आहेत, आणि ब्रिटिश कौन्सिलच्या मुलांसाठीच्या संकेतस्थळावर छापून घेता येणारी चित्रकार्डं मिळतात. पुस्तकातली चित्रं आणि ही कार्डं छापून जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवा. गावात लग्नसराईनंतर पुठ्ठ्याला तोटा नसतो, आणि मागची कोरी बाजू शब्दासाठी आयती मिळते. आपल्या पुस्तकातली चित्रं घेतली की पाठाशी मेळ बसतो, जो विकतच्या खोक्याचा कधीच बसत नाही.

पावसाळ्यात लॅमिनेट न केलेली कार्डं दमट होऊन एकमेकांना चिकटतात आणि ओढली की रंग सुटतो. रबर लावून ठेवली तर कडा दुमडतात, आणि दुमडलेला कोपरा मुलं पाठीमागून ओळखतात, मग ‘व्हॉट इज मिसिंग’ फुकट जातो. बिस्किटांचा पत्र्याचा डबा घ्या, कार्डं उभी लावा, पाकिटं पुढे. वर्षअखेर पक्क्या पाकिटातली कार्डं मोजा: पहिल्या वर्षासाठी निवडलेले बहुतेक शब्द आणि सहा-सात साचे जमले असतील, तर दुसरीसाठी बाजूला ठेवलेली कार्डं उघडायला हरकत नाही.